पौषातही घोडं खातं

अण्णांच्या वहीत पौष महिन्याचं पान जवळजवळ कोरं असतं. वर ‘पौष’ असं लिहिलेलं आणि खाली एक आडवी रेघ. आधीच्या पानांवर तारखा, गावं, नवरदेवाच्या बापाचं नाव, ठरलेली रक्कम, मिळालेला इसार. तुळशीचं लग्न लागलं की ही पानं भरायला लागतात आणि मार्गशीर्ष संपता संपता थांबतात. पौषात आमच्याकडे लग्नं काढत नाहीत. लग्न नाही म्हणजे वरात नाही, आणि वरात नाही म्हणजे घोड्याला काम नाही.

“पर घोडं पौषातबी खातंय,” अण्णा म्हणाले होते. मी हसलो होतो. मला तो विनोद वाटला होता.

२०२४च्या नोव्हेंबरात मी लॅपटॉप घेऊन नळदुर्गला मामाकडे राहायला गेलो. धाराशिव जिल्ह्यातलं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं हे गाव लोकांना किल्ल्यामुळे माहीत असतं. बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल, पावसाळ्यात त्यावरून कोसळणारे नर-मादी धबधबे, रविवारी सेल्फी काढणारी गर्दी. मी घोड्यांसाठी गेलो नव्हतो. पुण्यातल्या खोलीचा करार संपला होता, कंपनीने घरून काम चालेल म्हटलं होतं, एवढंच. पण मला दिलेल्या खोलीची खिडकी नेमकी अण्णांच्या पागेवर उघडत होती.

पागा हा शब्द जरा मोठा झाला. पत्र्याची शेड, दोन दावणी, सिमेंटचा हौद, बाजूला कडब्याची गंजी. एका दावणीला राजा: पाच वर्षांचा, पांढरा, मारवाडी रक्ताचा. त्या जातीची ओळख म्हणजे कान, टोकं आत वळून जवळजवळ एकमेकांना टेकणारे. दुसऱ्या दावणीला सुंद्री नावाची तांबूस घोडी. तिचं वय विचारलं की अण्णा म्हणायचे, “हाय की थोडं.”

पहिल्या सकाळी कॉफीचा मग घेऊन मी थेट सुंद्रीच्या मागे जाऊन उभा राहिलो. अण्णा ओरडले, “भाचे, शेपटीकडनं जाऊ नका! म्होरनं या, बोलत या.” मामाचा भाचा तो गल्लीचा भाचा, त्यामुळे सगळे मला भाचेच म्हणत. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, पण अगदी मागचं आणि अगदी नाकासमोरचं दिसत नाही. न दिसणाऱ्या जागेतून काही आलं की तो आधी लाथ मारतो आणि मग विचार करतो. म्हणून बोलत बोलत यायचं. काय बोलायचं? काहीही. मी त्या दिवशी सुंद्रीला आमच्या प्रोजेक्टची डेडलाइन सांगितली.

हळूहळू माझा दिवस पागेला बांधला गेला. पहाटे साडेपाचला दावणीखालची लीद काढायची. मग खरारा: मानेपासून सुरुवात, केसांच्या दिशेने, पोटाखाली हलक्या हाताने. मग एकेक पाय उचलून खुरात अडकलेले खडे काढायचे. पाणी, कडबा, तोबऱ्यात भिजवलेले हरभरे. नऊला आंघोळ करून मी स्टँडअप मीटिंगला बसायचो तेव्हा कॅमेऱ्यात फक्त शर्ट दिसायचा. पायांना लिदीचा वास असायचा.

संध्याकाळी शेकोटीभोवती घोडेवाले जमायचे. अण्णा, त्यांचा धाकटा मुलगा, वरातीत घोडा धरणारी दोन पोरं आणि नालबंद चाचा. चाचा पाच-सहा आठवड्यांनी नाल बदलायला येत, पण शेकोटीला रोज. जुने नाल उपटायचे, वाढलेला खूर नखासारखा कापायचा, नवा नाल ठोकायचा. खिळा जिवंत भागात गेला तर घोडा लंगडतो. “मशिनीचं काम न्हाई हे,” ते मला मुद्दाम सांगत. त्यांच्या पोराला हे शिकायचं नव्हतं. मी एकदा फोनवर शोधून त्यांना सांगितलं की २०१२च्या पशुगणनेत देशात ६.२५ लाख घोडे-तट्टू होते, ते २०१९मध्ये ३.४ लाखांवर आले. सात वर्षांत निम्म्याजवळ घट. चाचांनी काडीने निखारा सरकवला. “मोजायला उशीर केला त्यांनी,” म्हणाले. “मला कधीच कळलं हुतं.”

मी सात-आठ वरातींना अण्णांबरोबर गेलो. बाहेरून वरात म्हणजे झगमगाट, घोड्याच्या बाजूने पाहिलं तर ती परीक्षा असते. छाती हलवणारा डीजे, तोंडावर फ्लॅश, टापांपाशी फुटणारे फटाके, पाठीवर आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसलेला आणि पोटात गोळा आलेला नवरदेव. सुंद्री यात खांबासारखी उभी राहायची. एका गावात नवरदेवाच्या पुढ्यात बसवलेला चार वर्षांचा मुलगा झोपून एका बाजूला कलला, तर ती थांबली आणि कुणी येईपर्यंत पाऊल उचललं नाही. पण वरातीत खांबाला पैसे मिळत नाहीत. पैसे नाचणाऱ्याला. राजा मागच्या पायांवर उभा राहायचा, ढोलाच्या ठेक्यावर पाय झाडायचा आणि लोक नोटा ओवाळायचे.

राजा का नाचतो, ते मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. वरातीहून आल्यावर मी सामान पुसत होतो. राजाच्या लगामाची तोंडातली कांब हाताला लागली आणि बोट फाटलं. कांबेला आतल्या बाजूने टोकं होती. लगाम खेचला की ती जिभेत आणि गालात रुतणार. मी राजाच्या ओठाची कड उचलून पाहिली. जे दिसायला हवं होतं ते दिसलं.

काटेरी लगामाला कायद्याने बंदी आहे, १९६५च्या नियमांपासून. हे मी त्याच रात्री वाचलं आणि सकाळी अण्णांना वाचून दाखवलं. अण्णा रागावले नाहीत. “घेतला तवाच त्याच्या तोंडात हुता,” एवढंच म्हणाले, आणि दोन दिवसांनी साधा लगाम आणला. पुढच्या वरातीत राजा नुसता चालला. छान चालला. नवरीकडचे हसले, नवरदेवाच्या काकांनी ठरलेल्यातले निम्मे पैसे हातावर ठेवले आणि म्हणाले, “आम्ही घोडा सांगितला हुता, गाढव न्हाई.” घरी येईपर्यंत अण्णा काही बोलले नाहीत. त्या पुढच्या वरातीला राजाच्या तोंडात पुन्हा जुना लगाम होता. मला तो दिसला. मीही काही बोललो नाही. निम्मे राहिलेले पैसे मी भरून देणार नव्हतो.

डिसेंबरात गावाबाहेर धनगरांचा वाडा येऊन बसला. मेंढरं शेतात बसवली की लेंडीखताच्या बदल्यात शेतमालक धान्य-पैसे देतो. त्यांची तट्टं लहानखुरी, केसाळ. एकेकाच्या पाठीवर सगळं बिऱ्हाड: भांडी, वाकळा, वर बांधलेली कोंबडी, कधी लेकरू. मराठ्यांच्या फौजेत धावलेली भीमथडी तट्टं ती हीच. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने आता त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. अण्णा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. “ह्येंचं बरंय,” म्हणाले. “ह्या घोड्याला पौष न्हाई.”

मग एका थंडगार रात्री अडीच वाजता धाकट्याने खिडकी वाजवली. सुंद्री खाली बसत होती, उठत होती, मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. पोटशूळ. थंडीत घोडं पाणी कमी पितं, वर कोरडा कडबा, मग आतडं तुंबतं. घोड्याला उलटी होत नाही. त्याच्या शरीरात ती सोयच नाही, त्यामुळे आत गेलेलं पुढेच सरकावं लागतं, नाहीतर जीव जातो. चाचा आले, त्यांनी तिच्या कुशीला कान लावला. “गप हाय सगळं.” आतड्याचा आवाज नसणं वाईट.

जनावरांचे डॉक्टर सकाळीच येऊ शकणार होते. तोवर तिला लोळू द्यायचं नव्हतं, म्हणून चालवायचं. धाकटा आणि मी आळीपाळीने तिचा कासरा धरून शेडपासून हमरस्त्यापर्यंत फेऱ्या मारत राहिलो. पलीकडून हैदराबादकडे ट्रक जात होते. ती मधेच थांबायची, कपाळ माझ्या छातीवर टेकवायची. सगळं वजन टाकायची नाही, थोडंसंच. सकाळी सातला डॉक्टरांनी नाकातून नळी घालून तेल सोडलं, इंजेक्शन दिलं. साडेदहाच्या सुमारास तिने शेपूट उचलली आणि लीद टाकली. अण्णा, चाचा, धाकटा आणि मी, आम्ही चौघे त्या लिदीकडे असे बघत होतो जशी ती देवाची मूर्ती.

यानंतर मी जे केलं ते सांगायचं म्हणून हा लेख लिहायला बसलो.

मी शीट बनवली. मला वाटलं मदत करतोय. अण्णांच्या वहीतला वर्षभराचा हिशेब घेतला. एका घोड्याचा खाण्याचा खर्च दिवसाला २५० रुपये, म्हणजे वर्षाला ९१,२५०. राजाच्या २२ वराती, सरासरी ९,०००, जमा १,९८,०००. सुंद्रीच्या १४ वराती, सरासरी ३,५००, जमा ४९,०००. म्हणजे सुंद्री वर्षाला ४२ हजारांचा तोटा, त्यात नाल, औषधं आणि परवाची रात्र धरलेली नाही. तिची ओळ लाल रंगवली. अण्णांना शेकोटीपाशी फोनवर दाखवलं. “सुंद्री विकली तर पौष निघतो, अण्णा.”

त्यांनी फोन लांब धरून नीट पाहिला. “हे तुमचं कागदी घोडं हिशेबाला बरोबर हाय,” म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “माळेगावला नेऊ.”

माळेगाव नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात आहे. तिथल्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला सुरू होते. त्या वर्षी ती २९ डिसेंबरला होती आणि पौष लागत होता ३१ला. म्हणजे घोड्यांचा हा मोठा बाजार नेमका रिकाम्या महिन्याच्या तोंडावर भरतो. हे मी तिथे उभा राहीपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. एकटी घोडी टेंपोत बिथरते म्हणून राजालाही सोबतीला घेतलं. तुळजापूर, लातूर, अहमदपूर करत आम्ही पोचलो तेव्हा माळावर नजर जाईल तिथवर जनावरं होती. घोडी, गाढवं, उंट. भंडाऱ्याने पिवळे झालेले लोक, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर. दत्तजयंतीला नंदुरबारकडे सारंगखेड्याचा घोडेबाजार करून आलेले व्यापारीही होते. दुकानांमधून खोगिरं, घुंगरं, गोंडे टांगलेले.

सौदा मी पहिल्यांदाच पाहिला. तोंडाने भाव बोलायचाच नाही. घेणारा आणि देणारा हातावर रुमाल टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं दाबतात. चेहऱ्यावर काही दिसत नाही.

सुंद्रीला बघायला एक हेडी आला. त्याने अंगावरचे भोवरे तपासले, मग ओठ उचलून दात पाहिले. घोड्याच्या वरच्या कोपऱ्यातल्या दातावर दहाव्या वर्षाच्या सुमाराला एक तपकिरी रेघ फुटते. पंधराच्या आसपास ती निम्म्यावर येते, विसाव्या वर्षी खाली पोचते. सुंद्रीची रेघ जवळजवळ खाली पोचली होती. तिने ज्या वयाबद्दल अण्णांना इतकी वर्षं खोटं बोलायला लावलं ते तिच्या तोंडातच लिहिलेलं होतं. हेडीने रुमाल टाकला. अण्णांनी थोड्या वेळाने हात काढून घेतला. “कुठं नेणार हिला?” त्यांनी विचारलं. हेडी हसला. “घेतल्यावर माझी हाय की.”

दुपारी बीडकडचा एक माणूस राजासाठी आला. त्याच्या मागे त्याचा तरुण मुलगा होता, तो सारखा राजाच्या कानांना हात लावत होता. रुमाल पडला. या वेळी अण्णांनी हात काढला नाही. १ लाख २० हजार.

मला काही सुचेना. मी त्यांना बाजूला घेतलं आणि जवळजवळ ओरडलोच की कमावणारा विकताय आणि खाणारी ठेवताय. अण्णा शांत होते. “भाचे, राजाला घेणारा त्याला जपंल. पैसं लावल्यात त्यानं. हिला घेणारा कशापायी जपंल?”

माझ्या शीटमध्ये हा रकानाच नव्हता. मी एक ओळ पुसत होतो. पुसलेली ओळ दुसऱ्या कुणाच्या तरी टेंपोत चढते, हे मी धरलंच नव्हतं.

पण यातून मला अण्णांना संत करायचं नाही. सौदा झाल्यावर त्या माणसाने विचारलं, “नाचायचा लगाम कुठाय?” अण्णा म्हणाले, “हरपला.” परतीच्या वाटेवर तो लगाम मला टेंपोत, गोणीच्या तळाशी सापडला. मी अण्णांकडे पाहिलं, ते बाहेर बघत होते. ज्या दुकानासमोर आम्ही शेवटचा चहा प्यायलो होतो तिथे तसलेच चार लगाम टांगलेले होते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. राजा त्या पोराकडे गेला आणि बहुतेक तसाच नाचत असेल. त्या १ लाख २० हजारांत त्याच्या नाचण्याचे पैसे होते. त्यातूनच सुंद्रीचा कडबा आला. हा हिशेब मी अजून कुठल्याही शीटमध्ये बसवू शकलेलो नाही.

पौष लागला. वहीतली राजाची माघातली सहा गावं अण्णांनी उमरग्याच्या एका घोडेवाल्याला फोन करून देऊन टाकली. राजाची दावण रिकामी होती. सुंद्री काही दिवस तिकडे तोंड करून खिंकाळायची, मग थांबली. काम काही नव्हतं आणि तरी साडेपाचला उठावं लागायचं, कारण लिदीला पौष माहीत नसतो. पाणी आता आम्ही कोमट करून द्यायचो.

आमच्या गावचा देवही हिवाळ्यापुरता पाहुणा असतो. खंडोबाची मूर्ती एकच आणि देवळं दोन: एक अणदूरला, एक नळदुर्गच्या मैलारपुरात. वर्षातला बहुतेक काळ देव अणदूरला राहतो आणि हिवाळ्यात नळदुर्गला येतो. त्यासाठी दोन्ही गावांत लेखी करार होतो. पौष पौर्णिमेला मैलारपुरात मोठी यात्रा भरते. खंडोबाचं वाहन घोडा. गोष्ट अशी सांगतात की मणी दैत्याने हरल्यावर आपला पांढरा घोडा देवाला देऊन टाकला. १३ जानेवारीला अण्णांनी सुंद्रीला धुतलं, कपाळाला भंडारा लावला आणि आम्ही तिला देवळाच्या बाजूला नेऊन उभं केलं. काम म्हणून नव्हे. लोक येता जाता तिच्या कपाळाला हात लावून तो हात स्वतःच्या कपाळाला लावत होते. एका आजींनी पदरातले हरभरे काढून तिच्यापुढे धरले. सुंद्रीने ओठांनी एकेक टिपला. तिला वरात काय आणि यात्रा काय, ती आपली खांबासारखी उभी.

मी जानेवारीअखेर पुण्याला परतलो. निघताना अण्णांच्या हातात काही पैसे ठेवायला गेलो. कडब्यासाठी, म्हटलं. त्यांनी माझी मूठ बंद केली. “पैसं नका देऊ. सुट्टी असली की या आणि खरारा करा. तिला हात लागतो.” मला ते पैसे देणं फार सोपं गेलं असतं.

तेव्हापासून मी महिना-दीड महिन्याने जातो. दर वेळी जमत नाही. जमत नाही तेव्हा रविवारी सकाळी फोन करतो. अण्णा उचलतात तेव्हा मागे हौदाचा नळ चालू असतो.

“सुंद्री काय करायली?” मी विचारतो.

“खायली की,” अण्णा म्हणतात.